लहान मुलांसह थीम पार्कची सहल: आधी जेवण आणि झोप, मग राइड

थीम पार्कच्या सहलीची आखणी करताना बहुतेक पालक राइडची यादी करतात, तिचा क्रम लावतात आणि जेवणापुढे ‘मध्ये कुठेतरी थांबू’ एवढेच लिहून ठेवतात. फक्त मोठी माणसे असतील तर एवढ्यावर भागते. सोबत सहा वर्षांखालील मूल असेल, तर दुपारी साडेबाराला, म्हणजे साऱ्या उद्यानाला एकदम भूक लागते नेमक्या त्या वेळी, हे कुटुंब उपाहारगृहाच्या रांगेत उभे असते. मूल भूक आणि झोप या दोन्हींनी एकाच वेळी कासावीस झालेले असते, आणि ताट समोर येईपर्यंत त्याची खायची इच्छाच उडालेली असते. उरलेली दुपार रडारडीत जाते आणि दोष मात्र उन्हाच्या माथी मारला जातो. पुढे दिलेला क्रम साधारणपणे एक ते सहा वर्षांच्या मुलांना धरून आहे. त्याहून लहान बाळांबद्दलच्या सूचना त्या त्या ठिकाणी वेगळ्या दिल्या आहेत.

१. तिकीट काढण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

उद्यानाच्या संकेतस्थळावरील छायाचित्रे पाहण्यापूर्वी नियमांचे पान उघडावे आणि चार गोष्टींची उत्तरे शोधावीत. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येतात का, आणि येत नसल्यास लहान मुलांचे अन्न व वैद्यकीय कारणासाठीचे अन्न यांना सूट आहे का? काचेच्या बाटल्या आणि मोठ्या शीतपेट्या बहुतेक ठिकाणी अडवल्या जातात, हे गृहीत धरावे. बाबागाडीच्या आकारावर मर्यादा आहे का, आणि ती आत भाड्याने मिळते का? एकदा बाहेर पडल्यावर त्याच दिवशी पुन्हा प्रवेश मिळतो का? आणि बाळाला पाजण्यासाठी, डायपर बदलण्यासाठी स्वतंत्र कक्ष कोठे आहे? यांपैकी पुनर्प्रवेशाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण दुपारच्या विश्रांतीची सगळी योजना त्यावर उभी राहते.

त्यानंतर मुलाची उंची घरीच भिंतीशी उभे करून मोजावी. अनेक उद्यानांत १०२ आणि १२२ सेंटीमीटर या मर्यादा वारंवार आढळतात. त्या सुरक्षापट्ट्याच्या रचनेवरून ठरलेल्या असल्याने दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याच्या हाती सवलत देणे नसते. ज्या राइडवर मुलाला बसता येणार नाही तिचे नावसुद्धा त्याच्यासमोर काढू नये. दोन्ही पालकांना ती राइड हवीच असेल, तर आळीपाळीची सोय आहे का ते विचारावे. अनेक उद्यानांत एक पालक मुलापाशी थांबतो, दुसरा राइड करून येतो, आणि मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता आत सोडले जाते. ही सोय मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही, आणि ती रांगेत शिरण्यापूर्वीच मागावी लागते.

मुक्काम अनेक दिवसांचा असेल, तर सलग दोन दिवस उद्यानात घालवू नयेत. मध्ये एक मोकळा दिवस ठेवावा. मुक्कामाच्या खोलीत शीतकपाट आणि पाणी उकळण्याची सोय असणे हे खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे ठरते.

तपासणी: मुलाच्या वयानुसार तिकीट माफ किंवा सवलतीचे असेल, तर वयाचा पुरावा सोबत घेतला आहे का?

२. दिवसाचे खांब रोवणे

एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर राइड लिहिण्यापूर्वी मूल घरी ज्या वेळी खाते आणि झोपते त्या वेळा लिहाव्यात. हेच दिवसाचे खांब. मग या वेळा पुढे-मागे सरकवताना एकच नियम पाळावा, तो म्हणजे जेवण मागे घ्यावे, पुढे ढकलू नये. घरी साडेबाराला जेवणारे मूल उद्यानात अकराला जेवले तर काही बिघडत नाही; दीडला जेवले तर सगळे बिघडते. उपाहारगृहांतील गर्दी साधारणपणे बारा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळांत उसळते. म्हणून अकराच्या सुमारास जेवण, दोन-अडीचला भरपेट खाऊ, आणि पाच वाजता रात्रीचे जेवण, असा क्रम लहान मुलांच्या घरांना सोयीचा पडतो. मिरवणूक किंवा मोठा कार्यक्रम चालू असताना उपाहारगृहे रिकामी होतात. मुलाला गर्दीचा आणि ढोलांचा त्रास होत असेल, तर ती वेळ जेवणासाठी राखून ठेवणे दुहेरी फायद्याचे असते.

लहान मुलाचे पोट लहान, म्हणून मुख्य जेवणांच्या मध्ये दर दोन-अडीच तासांनी थोडे खाणे लागते. ते कागदावर वेळेसह लिहावे. ‘मागेल तेव्हा देऊ’ ही योजना उद्यानात फसते, कारण रंग, आवाज आणि उत्साह यांत मुलाला भूक कळतच नाही. ती कळते तेव्हा थेट रडण्यातून कळते. त्या क्षणी उपाहारगृह शोधायला निघणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

झोपेचाही हिशेब करावा. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप लागते, आणि त्यात दुपारची डुलकीही धरलेली असते. रात्रीची आतषबाजी पाहायची असेल, तर ती झोप दुपारी आगाऊ भरून काढावी लागते. दुपारची विश्रांती गाळून रात्रीचा कार्यक्रम गाठण्याचा हट्ट धरणारे पालक तो कार्यक्रम क्वचितच शेवटपर्यंत पाहतात.

३. जेवणाची जागा ठरवणे

उद्यानात साधारणपणे तीन प्रकारे जेवता येते, आणि निवड चवीवर न करता मुलाच्या बसण्याच्या क्षमतेवर करावी. खिडकीवर ऑर्डर देऊन स्वतः ताट उचलण्याच्या ठिकाणी वेळ कमी जातो, पण टेबल शोधण्याची धावपळ असते. तेथे एका मोठ्या माणसाने मुलासह आधी टेबल धरावे आणि दुसऱ्याने रांग लावावी. मोबाइलवरून आधी ऑर्डर देण्याची सोय असेल, तर ती भूक लागण्यापूर्वी तासभर वापरावी; अन्न घेण्याची वेळ निवडता येत असेल तर अकराची निवडावी.

टेबलावर वाढले जाणारे जेवण निवांत असते, परंतु ऑर्डर आणि ताट यांच्यामधली वीस-पंचवीस मिनिटे हीच त्याची परीक्षा. बुफेत अन्न ताबडतोब मिळते आणि निवडक खाणाऱ्या मुलाला काहीतरी नक्की सापडते. मात्र तेथे गरम भांडी मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर असतात, आणि ॲलर्जी असलेल्या मुलासाठी एकाच चमच्याने अनेक पदार्थ वाढले जाण्याचा धोका असतो.

वेशभूषा केलेली पात्रे टेबलापाशी येतात, अशा जेवणांचे आकर्षण मोठे असते आणि त्यांचे आरक्षण लवकर संपते. ते करण्यापूर्वी आपले मूल मोठ्या डोक्याच्या मुखवट्याला घाबरते का, याची खात्री करून घ्यावी. दोन-तीन वर्षांची अनेक मुले चित्रातल्या पात्रावर जीव टाकतात आणि तेच पात्र सहा फुटांचे होऊन समोर आले की आईच्या कुशीत तोंड लपवतात. आधी दुरून एकदा दाखवावे. मूल आक्रसले तर पात्राला हाताने नम्रपणे थांबण्याची खूण करावी. वेशातील माणसे बहुधा लगेच समजून घेतात. छायाचित्रासाठी मुलाला पात्राच्या हातात बळेच देणे ही या जेवणातील सर्वांत हमखास होणारी चूक आहे.

इशारा: आरक्षण करताना मुलाच्या नेहमीच्या जेवणवेळेच्या अर्धा तास आधीची वेळ घ्यावी. आरक्षण असूनही टेबल मिळण्यास दहा-पंधरा मिनिटे लागू शकतात.

४. अन्नाची ॲलर्जी असल्यास

ज्यांच्या घरात हा प्रश्न नाही त्यांनी पुढच्या टप्प्यावर जावे. ज्यांच्या घरात आहे त्यांनी येथे घाई करू नये. ॲलर्जीची माहिती आरक्षणाच्या वेळी लेखी द्यावी, पोहोचल्यावर दाराशी सांगावी आणि ऑर्डर घेणाऱ्याला तिसऱ्यांदा सांगावी. तीनदा सांगणे संकोचाचे वाटते, पण आरक्षणातील टीप स्वयंपाकघरापर्यंत पोहोचेलच याची शाश्वती नसते. ‘यात दूध आहे का’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही. हा पदार्थ ज्या तेलात तळला त्यात आणखी काय तळले जाते, तवा आणि सुरी वेगळी आहे का, हेही विचारावे, कारण बटाट्याच्या काचऱ्यांसारख्या निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थातही सामाईक तेलातून अंश उतरतात. उत्तर देणारा चाचरला, तर मुख्य आचाऱ्याशी बोलण्याची विनंती करावी. तेवढ्यानेही समाधान झाले नाही तर मुलाला सोबतचे अन्न द्यावे.

ॲलर्जीच्या तीव्र झटक्यात ताबडतोब टोचायचे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन डॉक्टरांनी दिले असेल, तर ते कायम मुलासोबत असणाऱ्या माणसाच्या अंगावर असावे. ते तापलेल्या मोटारीत, बाबागाडीखालच्या पिशवीत किंवा भाड्याच्या कपाटात ठेवू नये. राइडवर जाण्यासाठी पालकांनी जागा बदलली की इंजेक्शनही हातातून हातात गेले पाहिजे, आणि नेमकी येथेच गफलत होते.

५. पिशवी भरणे

पिशवी दोन भागांत भरावी. बाबागाडीत राहणारा साठा वेगळा आणि अंगावरची लहान पिशवी वेगळी, कारण अनेक राइडपाशी बाबागाडी बाहेर ठेवावी लागते आणि रांगेत अर्धा तास गेल्यावर पाण्याची बाटली तिच्यातच राहिल्याचे लक्षात येते. अंगावरच्या पिशवीत पाणी, एक खाऊ, एक डायपर, ओले रुमाल, औषध आणि मुलाच्या कपड्यांचा एक जोड असावा. पालकांसाठी एक जास्तीचा सदरा ठेवण्याचे पुष्कळांना सुचत नाही; उलटी मात्र बहुधा पालकांच्याच खांद्यावर होते.

खाऊ निवडताना तो न वितळणारा, न सांडणारा आणि घशात न अडकणारा असावा. चार वर्षांखालील मुलांना अख्खी द्राक्षे, अख्खे दाणे व सुकामेवा, पॉपकॉर्न, टणक गोळ्या आणि सॉसेजचे गोल काप देऊ नयेत. द्राक्षे द्यायचीच तर ती उभी चिरून चार फोडी कराव्यात, कारण आडवा काप श्वासनळीत बुचासारखा बसतो. एक वर्षाखालील बाळाला मध किंवा मध घातलेला पदार्थ देऊ नये.

नाशवंत अन्नासाठी बर्फाच्या पिशव्यांसह उष्णतारोधक डबा घ्यावा. शिजवलेले अन्न साध्या तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर ही मुदत एका तासावर येते. सकाळी भरलेला डबा दुपारी ‘वास तर येत नाही’ म्हणून मुलाला देणे धोक्याचे आहे, कारण आजारी पाडणाऱ्या जंतूंमुळे अन्नाचा वास बदलतोच असे नाही. पावडरचे दूध आधी कालवून नेऊ नये. पाणी आणि मोजलेली पावडर वेगळी न्यावी, कालवल्यापासून दोन तासांत आणि पाजायला सुरुवात केल्यापासून एका तासात ते संपवावे, उरलेले टाकून द्यावे.

तपासणी: पिशवी भरून झाल्यावर ती उचलून दहा मिनिटे घरात फिरावे. जड वाटली, तर खेळणी बाहेर काढावीत, पाणी काढू नये.

६. सकाळ: प्रवेशापूर्वी आणि पहिले दोन तास

न्याहारी उद्यानाबाहेर, बसून आणि पोटभर व्हावी. ‘आत काहीतरी खाऊ’ असे म्हणून निघालेले कुटुंब दिवसातला सर्वांत मोलाचा पहिला तास, जेव्हा रांगा सर्वांत लहान असतात, खाण्याच्या रांगेत घालवते. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चे असावे, ते निघण्यापूर्वी १५ ते ३० मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. पुन्हा लावण्याची वेळ खाऊच्या वेळेला बांधून टाकली की दोन्ही लक्षात राहतात. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र मुख्यतः सावली आणि अंगभर सुती कपडे यांनीच जपावे.

प्रवेशद्वारापाशी मुलाचे त्या दिवशीच्या कपड्यांतील छायाचित्र काढावे. पालकांचा मोबाइल क्रमांक मनगटी पट्टीवर किंवा सदऱ्याच्या आतल्या बाजूस लिहावा. मुलाचे नाव बाहेरून वाचता येईल असे लिहू नये, कारण नावाने हाक मारणारा अनोळखी माणूस मुलाला ओळखीचा वाटतो. गणवेशातील कर्मचारी आणि त्याची नावाची पट्टी मुलाला प्रत्यक्ष दाखवावी. मूल दिसेनासे झाले तर सर्वप्रथम पाण्याच्या जागा पाहाव्यात आणि त्याच वेळी जवळच्या कर्मचाऱ्याला सांगावे. आधी स्वतः दहा मिनिटे शोधून मग सांगणे चुकीचे आहे.

पहिल्या दोन तासांत मुलाला सर्वांत हव्या असलेल्या दोन राइड उरकाव्यात. साडेदहाला, मूल कितीही रमलेले असले तरी, जेवणाच्या जागेकडे निघावे. हा निर्णय सगळ्यांत अवघड जातो, कारण त्या वेळी कोणालाच भूक नसते आणि पुढच्या राइडची रांग नेमकी लहान दिसत असते. माझ्या पहिल्या सहलीत ‘एवढी एकच’ म्हणून आम्ही रांगेत शिरलो, राइड मध्येच बंद पडली, आणि जेवणाची वेळ दीड तास पुढे गेली; मुलीने त्या दिवशी दुपारी घास घेतला नाही.

७. टेबलावर

बसण्यापूर्वी हात साबण आणि पाण्याने किमान २० सेकंद धुवावेत. अल्कोहोलयुक्त द्रव सोयीचा असला, तरी गर्दीच्या ठिकाणी पसरणाऱ्या आणि उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर तो पुरेसा परिणाम करत नाही. त्यामुळे खाण्यापूर्वी साबणच वापरावा.

जागा कोपऱ्यातली, ताटे नेणाऱ्यांच्या वाटेपासून दूर आणि स्वच्छतागृहाच्या आवाक्यातली मागावी. उंच खुर्चीचा पट्टा बांधावा. ‘आपण शेजारीच आहोत’ हा विश्वास नेमका ताटे येण्याच्या क्षणी खोटा ठरतो. बसताक्षणी मुलाचा पदार्थ आधी मागवावा, मोठ्यांचा नंतर. पहिल्या दिवशी अनोळखी चवीचा प्रयोग करू नये. मूल घरी जे खाते त्याच्या जवळचे, बिनमसाल्याचे काहीतरी आणि सोबत फळ किंवा दही मागवावे. मुलांच्या ताटात बहुधा तळलेले पदार्थ आणि गोड पेय ठरलेलेच असते, पण त्याऐवजी भाजी किंवा पाणी-दूध द्याल का, असे विचारल्यास पुष्कळ ठिकाणी बदलून देतात. मोठ्यांच्या जेवणातून रिकामी थाळी मागून वाटा काढणे हाही चांगला उपाय आहे, विशेषतः भागाचे प्रमाण मोठे असेल तेव्हा.

गरम चहा, कॉफी आणि सूप मुलाच्या हाताच्या टप्प्याबाहेर, टेबलाच्या मध्यभागी ठेवावे; मूल मांडीवर असताना गरम पेय पिऊ नये.

मूल खात नसेल तर आर्जवे करत बसू नये. वीस मिनिटांनी उरलेले कोरडे अन्न बांधून घ्यावे आणि तासाभराने सावलीत पुन्हा द्यावे. राइडचे आमिष दाखवून घास भरवणे सर्वांत वाईट, कारण मग भरल्या पोटी, घाईने, लगेच त्याच राइडवर बसावे लागते. जेवणानंतरचा पाऊण तास बागेत, संथ गाडीत किंवा प्राणी पाहण्यात घालवावा. गरगर फिरणाऱ्या राइड त्यानंतर.

८. दुपार: पाणी, सावली आणि झोप

पाणी मागण्याची वाट पाहू नये. दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट द्यावेत. सहा महिन्यांखालील बाळाला साधे पाणी देऊ नये, त्याऐवजी अंगावरचे किंवा नेहमीचे दूध अधिक वेळा पाजावे. ओठ कोरडे पडणे, रडताना अश्रू न येणे, सहा-आठ तास लघवी न होणे किंवा मूल अनैसर्गिकपणे सुस्त होणे ही शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे आहेत. ती दिसताच थेट प्रथमोपचार केंद्र गाठावे.

पुनर्प्रवेश मिळत असेल आणि मुक्काम जवळ असेल, तर एक ते चार ही वेळ खोलीत काढावी. ते शक्य नसल्यास वातानुकूलित आणि मंद प्रकाशाचा बैठा कार्यक्रम निवडावा किंवा बाबागाडीत झोपवावे. झोपलेल्या मुलाला गाडीतून हिंडवत राहण्यापेक्षा एका जागी थांबून मोठ्यांनी स्वतः विसावा घ्यावा. पाच वर्षांचे मूल बाबागाडीसाठी मोठे वाटले तरी ती आणावी, कारण मोठ्या माणसाच्या एका पावलामागे त्याला जवळजवळ दोन टाकावी लागतात.

इशारा: सावलीसाठी बाबागाडीवर चादर किंवा ओढणी पूर्ण झाकू नये. आतील हवा कोंडून तापमान झपाट्याने वाढते आणि मूल नजरेआड राहते. गाडीचे छत आणि चिमट्याची छत्री वापरावी, आणि मुलाच्या मानेला हात लावून पाहत राहावे.

९. संध्याकाळ आणि परतीचा प्रवास

पाच वाजता जेवण आटोपले की मूल दोन-अडीच तास चांगले राहते. निघण्याची वेळ त्यावरून ठरवावी. उद्यान बंद होताना बाहेर पडल्यास दरवाजा, वाहनतळ आणि रस्ता या तिन्ही ठिकाणी गर्दी लागते. शेवटच्या कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी निघणे किंवा तो संपल्यावर तेवढाच वेळ आत बसून दूध-फळ देणे, यांपैकी एक निवडावे. आतषबाजी पाहायची असल्यास कानावर बसणारे आवाजरोधक घालून, गर्दीच्या मागच्या कडेला, बाहेरच्या वाटेजवळ उभे राहावे.

दुकानातील खेळणे घ्यायचे ठरले असेल, तर ते परतताना घ्यावे. सकाळी घेतलेले खेळणे दिवसभर वाहावे लागते आणि बहुतेकदा जेवणाच्या टेबलावर विसरते. वाहनात बसवण्यापूर्वी लघवी, डायपर, रात्रीचे कपडे आणि दात घासणे एवढे उद्यानातच उरकावे, कारण दहा मिनिटांत मूल झोपते आणि मग त्याला उठवणे जिवावर येते. चालत्या वाहनात, विशेषतः मूल मागच्या आसनावर एकटे असताना, खायला देऊ नये. घास अडकल्याचे पुढे बसलेल्यांना कळत नाही. डब्यात उरलेले नाशवंत अन्न वाहनतळावरच टाकून द्यावे. दुसऱ्या दिवशीचा खाऊ मात्र त्याच रात्री, बुटांचे बंद सोडण्यापूर्वी, भरून ठेवावा.